हलक्या वजनाचा मान : तालीम, महाविद्यालय आणि सांघिक विजेतेपद

कुस्ती हा दोघांचा खेळ असून तिसऱ्याच्या हारजितीने आपल्या पारड्यात काही पडावे, ही कल्पनाच तालमीच्या परंपरेत नव्हती. तालमीचा मल्ल जत्रेच्या आखाड्यात उतरे तो गावाचे आणि वस्तादाचे, म्हणजे शिकवणाऱ्या गुरूचे, नाव घेऊन. परंतु जिंकलेला नारळ, फेटा, रोख इनाम किंवा चांदीची गदा त्याच्या एकट्याची असे, आणि त्याच तालमीचा दुसरा गडी त्याच दिवशी चीत झाला म्हणून पहिल्याचे इनाम घटत नसे. एका संस्थेच्या वेगवेगळ्या वजनांतील मल्लांचे गुण एकत्र करून जो पहिला क्रमांक ठरतो, ते ‘सांघिक विजेतेपद’ महाराष्ट्रातील कुस्तीत मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून रुजले. या नव्या हिशेबाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला, असे विचारले तर उत्तर थोडे अनपेक्षित येते : तो तालमीच्या दारात उभ्या असलेल्या किरकोळ अंगाच्या पोराला झाला.

पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मधले कान्हे हे स्थानक हा बदल समजून घेण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. उत्तरेकडे इंद्रायणी ओलांडली की टाकवे आणि त्यापुढचे आंदर मावळ. एका बाजूला तळेगाव दाभाडे, दुसऱ्या बाजूला लोणावळा, आणि दोन्हीकडे महाविद्यालये. त्यामुळे या पट्ट्यातील विद्यार्थी मल्लाचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. त्याच्यावर आणखी दोन वेळापत्रकांचा अंमल चालतो. पहिले भाताचे : आषाढात लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. दुसरे ग्रामदैवतांच्या उत्सवांचे, जे प्रामुख्याने चैत्र-वैशाखात, खाचरे रिकामी असताना भरतात. कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा चैत्रातली, आणि गावोगावच्या उत्सवांत पालखी, तमाशा यांच्या जोडीने कुस्त्यांचा आखाडा हा ठरलेला कार्यक्रम. विद्यापीठाची वार्षिक वा सत्र परीक्षाही नेमकी याच सुमारास येते. महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळा ओसरू लागल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा. म्हणजे मावळातील विद्यार्थी मल्लाला वर्षातून दोन हंगाम लढावे लागतात, आणि त्या दोन हंगामांचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत.

जत्रेच्या आखाड्याचा कायदा असा की जोड नजरेने लागते. पंच आणि जाणती मंडळी दोन गड्यांना शेजारी उभे करतात, उंची, मान, छाती पाहतात, त्यांनी आजवर कोणाशी लढत दिली ते विचारतात आणि कुस्ती लावतात. आखाड्याची सुरुवात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या वा नारळावरच्या कुस्त्यांनी होते, इनामाची रक्कम चढत जाते, आणि हलगीच्या कडकडाटात शेवटची, मानाची कुस्ती होते. निकाल एकच : चितपट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे, ते न घडल्यास कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. या रचनेत वजनाचा काटा नाही, पण वजनाचा मान पुरेपूर आहे, कारण चढत्या इनामाबरोबर मल्लांची अंगलटही वाढत जाते आणि शेवटची कुस्ती नेहमी भारी गड्यांची असते. साठ किलोंच्या आतल्या मल्लाने कितीही चपळाई दाखवली तरी त्याची कुस्ती दुपारीच लागते, तेव्हा निम्मे प्रेक्षक अजून आखाड्याकडे यायचे असतात.

महाविद्यालयीन स्पर्धेत याच्या नेमके उलट घडते, कारण तेथे प्रथम काटा बोलतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रचनेत मावळातील महाविद्यालये पुणे शहराबाहेरच्या जिल्हा विभागात मोडतात. विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून आंतरविभागीय स्पर्धा, तिच्यातून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशा पायऱ्या मल्लाला चढाव्या लागतात. २०१८ पासून जागतिक संघटनेने पुरुषांच्या मुक्त शैलीसाठी, म्हणजे पायांची पकड चालणाऱ्या कुस्तीसाठी, ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ असे दहा वजनगट ठेवले. ग्रीको-रोमन शैलीत, जिच्यात कमरेखालची पकड निषिद्ध आहे, आणि महिलांच्या कुस्तीतही प्रत्येकी दहा गट आहेत. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची असते आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती मिळते. एकेरी पट काढून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय खेचून, त्याला खाली आणून ताब्यात घेतले की दोन गुण, गादीवरच्या वर्तुळाबाहेर रेटले की एक गुण, उचलून केलेल्या मोठ्या फेकीला चार किंवा पाच, आणि मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही लढत संपते.

सांघिक हिशेबाची गंमत अशी की त्यात ५७ किलोंच्या सुवर्णपदकाला जेवढे गुण तेवढेच १२५ किलोंच्या सुवर्णपदकालाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रचलित असलेल्या तक्त्याप्रमाणे पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २० आणि कांस्यपदकाला १५ गुण धरले, तर तीन गटांत सुवर्ण मिळवून बाकीच्या गटांत मल्लच नसलेल्या संघाचे ७५ गुण होतात आणि पाच गटांत नुसते दुसरे आलेल्या संघाचे १००. एखाद्या महाविद्यालयाकडे नावाजलेला भारी मल्ल असला तरी सांघिक विजेतेपदाची ढाल दुसराच संघ घेऊन जातो तो असा. त्यामुळे क्रीडा संचालकाचा खरा शोध सुरू होतो तो रिकाम्या राहिलेल्या गटांसाठी, आणि जो मुलगा जत्रेत रेवडीच्या कुस्तीपुढे गेला नव्हता त्याला कोणीतरी काट्यावर उभे करून पाहते. अंगाने काटक आणि दमाला पक्के असणाऱ्या डोंगरी मुलांना हा हिशेब मानवणारा आहे. मात्र गादीवरची मेहनत मातीवरच्या मेहनतीपेक्षा वेगळी असते. माती मऊ असली तरी जड, ती पाय धरून ठेवते आणि खडाखडीला, म्हणजे हात-मानेची पकड घेत चाललेल्या प्राथमिक झटापटीला, वेळ देते. गादीवर तोच वेळ घालवणाऱ्याला पंच निष्क्रिय ठरवतात.

तालमीचे शरीरशास्त्र शाळा-महाविद्यालयांच्या चौकटीत आणण्याच्या खटाटोपातला एक महत्त्वाचा दुवा कान्ह्यापासून लोकलच्या तिसऱ्या स्थानकावर आहे. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झालेले होते. आज त्यांचे नाव योगाच्या प्रयोगशाळेशी जोडले जाते, परंतु मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली तेव्हा तिची धुराही त्यांच्याकडेच होती. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ उभा केला. डावपेच वस्तादाच्या तोंडून आणि हातून मिळवण्याच्या परंपरेत त्यांची नावनिशीवार, सचित्र नोंद होणे ही मोठी घटना होती.

महाविद्यालयाने हलक्या मल्लाला काय दिले आणि ते काय देऊ शकले नाही, याचा सर्वांत स्पष्ट दाखला मात्र मावळात नाही, तो कोल्हापुरात आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव कराडच्या टिळक हायस्कूलमधून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले, तेव्हा त्या शहरात कुस्तीचे वैभव ओसंडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले खासबाग मैदान, गंगावेस आणि मोतीबाग यांसारख्या तालमी, आणि त्यांत घुमणारे अवजड मल्ल. या देखाव्यात सव्वापाच-साडेपाच फूट उंचीचा, पन्नास-पंचावन्न किलोंचा विद्यार्थी कोणाच्या नजरेत भरणार ? महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांच्या अंगयष्टीकडे पाहून त्यांना प्रथम नाकारले गेले, प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर उतरू दिले गेले, आणि त्यांनी आपल्यापेक्षा थोराड प्रतिस्पर्ध्यांना हरवले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव मानला जातो. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला अंगावरून फेकण्याचा हा डाव ताकदीपेक्षा नेमक्या क्षणावर अवलंबून असतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च उचलला. तेथे ५२ किलोंच्या गटात, आयुष्य मातीवर काढलेल्या या विद्यार्थ्याने अपरिचित गादीवर सहावा क्रमांक मिळवला, आणि त्या काळात रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैशांची तोंडमिळवणी करणे जिकिरीचे झाले. मुंबई सरकारकडून अपेक्षित मदत मिळाली नाही, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे करून दिले. या रकमेकडे केवळ उदारतेचा नमुना म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. तालमीचा आश्रयदाता संस्थानिक किंवा धनिक असे, आणि मल्लाचे यश त्याच्या दरबाराची शोभा वाढवी. येथे संस्थाने विलीन झाल्यानंतरच्या पोकळीत एका शिक्षकाने ती जागा स्वतःच्या घराच्या किमतीवर भरून काढली, आणि तीही दरबारात उभा करून मिरवावा अशा आडदांड मल्लासाठी नव्हे, तर ५७ किलोंच्या विद्यार्थ्यासाठी.

हेलसिंकीत मुक्त शैलीच्या लढती २० ते २३ जुलै या काळात झाल्या. खाशाबांनी ५७ किलोंच्या गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्यानंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पंधरा मिनिटांची लढत निसटत्या फरकाने गमावल्यावर, दोन कुस्त्यांमध्ये नियमाने मिळायला हवी ती अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्यासमोर उभे करण्यात आले. आक्षेप घेण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले, आणि स्वतंत्र भारताच्या खात्यावर पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जमा झाले. ज्याने त्यांना हरवले तो इशीही विद्यापीठातूनच आला होता, हे मराठी लेखनात सहसा नोंदले जात नाही. तो चुओ विद्यापीठाचा, मूळचा जूदो खेळणारा. आणि जपानमधील आधुनिक कुस्तीचा उगमच मुळी वासेदा विद्यापीठात इचिरो हात्ता यांनी १९३१ साली काढलेल्या मंडळात आहे. अमेरिकेत तर विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती अजिंक्यपद स्पर्धा १९२८ पासूनच सुरू झाली होती. त्या दोन देशांत महाविद्यालयाचा संघ हाच राष्ट्रीय संघाचा पाया बनला. कोल्हापुरात त्या पायाची पहिली वीट एका व्यक्तीच्या गहाणखतावर रचावी लागली.

कराडला परतलेल्या खाशाबांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्यापुढची हकीकत या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते. प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडले. प्राचार्यांनी काढलेले कर्ज फिटले ते इनामी कुस्तीच्या गल्ल्यातून, म्हणजे गुण, वजनगट आणि संघ यांची नवी व्यवस्था ज्या जुन्या व्यवस्थेला मागे टाकू पाहत होती, तिच्याच तिजोरीतून. कान्हे परिसरातील विद्यार्थी मल्ल आजही हिवाळ्यात महाविद्यालयासाठी गादीवर आणि उन्हाळ्यात खुराकाच्या खर्चासाठी मातीवर लढतो, त्यामागे हेच अर्थकारण आहे : दूध, बदाम, तूप यांचा भार प्रमाणपत्राने उचलला जात नाही.

मातीला आणि गादीला एकत्र आणण्याचा राज्यपातळीवरचा प्रयत्न मावळाच्या शेजारच्याच खोऱ्यातून आला. मुळशीकडचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेने ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची परंपरा घातली, आणि १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. आज या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. परंतु चांदीच्या गदेची ही लढत ८६ ते १२५ किलोंच्या मल्लांपुरती आहे. हलक्या गटांतही परिषदेच्या अधिवेशनात पदके दिली जातात खरी, पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर गदा खांद्यावर घेतलेला चेहरा भारी मल्लाचाच असतो. जत्रेतली शेवटची कुस्ती जणू राज्यपातळीवर पोहोचली आहे. मुलींच्या बाबतीत तर गदेपर्यंतचा रस्ता आणखी लांबला. महिला कुस्ती २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिकमध्ये आली, विद्यापीठांच्या स्पर्धांत तिला स्वतंत्र गट मिळाले, आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडावा लागला. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या.

जागतिक पातळीवरही हलक्या मल्लाची जागा आक्रसत गेलेली दिसते. १९५२ साली हेलसिंकीत मुक्त शैलीचे आठ वजनगट होते आणि त्यांची सुरुवात ५२ किलोंपासून होत असे. आज ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मुक्त शैलीचे सहाच गट उरले असून सर्वांत हलका गट ५७ किलोंचा आहे. खाशाबांनी लंडनला ज्या वजनात सहावा क्रमांक मिळवला ते वजन तेथून नाहीसे झाले आहे, आणि ज्या वजनात त्यांनी पदक मिळवले ते आता यादीत पहिले आहे. दहा गटांच्या रचनेत ६१, ७०, ७९ आणि ९२ किलोंच्या मल्लाला आपले वजन सापडते, ऑलिंपिकमध्ये मात्र ते सापडत नाही. मुक्त शैलीच्या वजनगटांची यादी मात्र आजही हलक्या गटापासूनच सुरू होते, आणि तिच्यातला पहिला मल्ल ५७ किलोंचा असतो.