‘लेटी लिंटन’ : ग्लासगोचा लोकापवाद आणि हॉलिवूडचा पडदा

मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेचा, क्लॅरेन्स ब्राउन दिग्दर्शित ‘लेटी लिंटन’ (१९३२) हा प्रेमपट ज्या लोकापवादावर उभा आहे, तो त्याआधी पाऊण शतक ग्लासगो शहरात घडला होता. वास्तुविशारदाची मुलगी मॅडलिन स्मिथ हिने पिएर एमिल लँजेलिए या कारकुनाला उत्कट प्रेमपत्रे लिहिली होती. पुढे तिचे लग्न एका सधन व्यापाऱ्याशी ठरले, तेव्हा ती पत्रे परत करण्यास लँजेलिएने नकार दिला. मार्च १८५७ मध्ये तो आर्सेनिकच्या विषबाधेने मरण पावला आणि मॅडलिनने तेच विष विकत घेतल्याचे उघडकीस आले. एडिंबरो येथील खटल्यात त्याच्या मृत्यूबाबतच्या आरोपावर ‘नॉट प्रूव्हन’ असा निकाल लागला. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या कायद्यातील या तिसऱ्या प्रकारच्या निकालाने आरोपी सुटत असे, परंतु त्याला ‘निर्दोष’ म्हटले जात नसे.

या खटल्यावरून मेरी बेलॉक लाउंड्स यांनी कादंबरी लिहिली, तर एडवर्ड शेल्डन आणि मार्गारेट एअर बार्न्स यांनी ‘डिसऑनर्ड लेडी’ हे नाटक. चित्रसंस्थेने आधी नाटकाच्या हक्कांसाठी बोलणी केली, पण चित्रपटांच्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवणाऱ्या हेज कचेरीचा त्या नाटकाला आक्षेप असल्याने ती फिसकटली आणि कादंबरीचे हक्क घेण्यात आले.

जोन क्रॉफर्डची लेटी दक्षिण अमेरिकेतील प्रियकराला सोडून निघते, जहाजावर रॉबर्ट मॉन्टगोमेरीने साकारलेल्या तरुणाच्या प्रेमात पडते, आणि जुना प्रियकर पत्रांचा धाक घालू लागल्यावर स्वतःसाठी ठेवलेले विष त्याला पिताना पाहते. ग्लासगोतील संशय येथे अपघाताच्या आड लपवला आहे, हे कथेचे दुबळेपण होय. मात्र अखेरीस आई आणि भावी पती तिच्यासाठी खोटी साक्ष देतात आणि कायदा ती स्वीकारतो, हे धाडस १९३४ मध्ये नीतिसंहितेची अंमलबजावणी कडक झाल्यावर पडद्यावर टिकले नसते. वेशभूषाकार एड्रियन यांनी लेटीसाठी रेखाटलेल्या, झालरींच्या फुगीर बाह्यांच्या पांढऱ्या पोशाखाच्या नकला तर अमेरिकेतील दुकानांत विकल्या गेल्या.

नाटककारांनी साहित्यचोरीचा दावा लावला. १९३६ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी जो भेद केला, तो प्रत्यक्ष घटनेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे : मॅडलिनची हकिकत ही सर्वांची मालमत्ता, परंतु नाटककारांनी तिच्यात घातलेली पात्रे, प्रसंगांची गुंफण आणि तपशील हे त्यांचे स्वतःचे, आणि चित्रपटाने नेमके हेच उचलले होते. नफ्याची वाटणी ठरवताना कलावंत, दिग्दर्शन आणि निर्मितीचा वाटा वगळून नाटककारांना निव्वळ नफ्याचा पाचवा हिस्सा देण्यात आला, आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निवाडा न्याय्यच होता. परंतु १९३६ नंतर हा चित्रपट कित्येक दशके अधिकृत प्रदर्शनातून बाद राहिला आणि क्रॉफर्डच्या सुरुवातीच्या एका महत्त्वाच्या भूमिकेला प्रेक्षक मुकले.