बुजुर्गांच्या नावे वजीफा : निधी कसा उभारावा?

मरहूम दादा-दादींच्या किंवा वालिदांच्या नावे गरजू मुलांना शिष्यवृत्ती, म्हणजे आपल्या बोलीत वजीफा, सुरू करावा असे अनेक व्यापारी बांधव बोलून दाखवितात. विचार नेक आहे. पण बहुतेक ठिकाणी होते ते असे, की एखाद्या जलशात पाच-दहा पाकिटे वाटली जातात, हारतुरे होतात, दोन वर्षे उत्साह टिकतो आणि तिसऱ्या वर्षी बाजार मंदावला की पहिली काट वजीफ्याला लागते. दुकानाच्या नफ्यातून उरेल ते द्यायचे म्हटले की असेच होणार. वजीफ्याला त्याचे स्वतःचे उत्पन्न हवे. ते कसे लावून द्यावे एवढ्यापुरतेच आम्ही येथे लिहीत आहोत.

१८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मालेगावकडे आलेल्या मोमीन विणकरांत सही न येणारे पुष्कळ होते. आमचे दादाही अंगठाच उठवीत. सुताच्या व्यापाऱ्याच्या वहीत आपल्या नावावर काय मांडले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, आणि वाचणारा बहुधा त्याच व्यापाऱ्याचा मुनीम असे. मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे हा दादांचा हट्ट त्यातून आला. दादी रात्री कंदिलाच्या उजेडात कांड्या भरीत, तो पैसा आमच्या वालिदांच्या पाटी-पुस्तकाला जाई. वजीफ्याला दादांचे नाव सगळे देतात, दादींचे कोणी देत नाही, हे आम्हांला बरे वाटत नाही. कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा जो मनोरा १८७८ साली पुरा झाला, त्याला त्यांच्या आईचे नाव आहे, राजाबाई.

वजीफा किती टिकू शकतो ते पाहा. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती १९१२ साली मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांना मिळाली, आणि हेच देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. व्यापाऱ्याचे नाव अर्ध्या शतकानंतरही विद्यार्थ्याच्या कामी आले, कारण त्यामागे बांधलेला निधी होता.

आता मूळ प्रश्न. निधी बँकेत मुदत ठेवीत ठेवून व्याजावर वजीफा द्यावा, ही सर्वांत सोपी रीत. पण आपल्यातील बहुसंख्य लोकांना व्याजाचा पैसा बुजुर्गांच्या नावे देणे मान्य होणार नाही, आणि इसाले सवाबाची नियत असेल तर मुळीच नाही. त्याला दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग भाड्याचा. एखादा गाळा किंवा खोली वजीफ्याच्या नावे वेगळी काढावी. समजा भाडे महिना ८,००० रुपये आले, तर वर्षाचे ९६,००० होतात. घरपट्टी व दुरुस्तीला १६,००० बाजूला ठेवले तरी ८०,००० उरतात, म्हणजे चार मुलांना प्रत्येकी २०,००० देता येतात. भाडे महागाईबरोबर वाढते, हा यातला मोठा फायदा. पूर्वी कधीतरी ठरविलेले वर्षाचे शंभर रुपये आजही शंभरच देणारे वजीफे आम्ही पाहिले आहेत. त्यात आज धड वह्याही येत नाहीत. म्हणून दस्तात रकमेचा आकडा लिहू नये, उत्पन्नाचा हिस्सा लिहावा.

दुसरा मार्ग कर्जे हसनाचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी काढला तो दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून देण्यासाठी. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करतो आणि ती पुढच्याच्या कामी येते. टाटाही कापडाच्याच धंद्यातले, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. बिनव्याजी असे कर्ज डिप्लोमा, इंजिनीअरिंग, नर्सिंग अशा लवकर कमाईला लावणाऱ्या शिक्षणाला शोभते. दहावीच्या आतल्या मुलांना मात्र कर्ज देऊ नये. त्यांचे ओझे बापावर पडते आणि बाप मुलाला शाळेतून काढून यंत्रमागावर उभा करतो.

जकातीचा पैसा या निधीत मिसळू नये. हनफी उलमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे. ती गाळ्यात किंवा ठेवीत अडकवून ठेवता येत नाही. जकातीतून फी द्यायची तर त्याचे खाते वेगळे ठेवावे. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

कागदाचे काम लोक टाळतात आणि तेथेच घात होतो. गाळा मोठ्या भावाच्या नावावर, वजीफा तोंडी ठरलेला, मग वाटणी होते आणि नव्या पिढीला तो गाळा कोणासाठी होता हे आठवत नाही. वसीयत करून ठेवू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की इतर वारसांच्या संमतीवाचून मालमत्तेच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत चालत नाही. त्यापेक्षा हयातीतच, वाटणीपूर्वी, सर्व भाऊ-बहिणींच्या सह्या घेऊन दस्त करावा. बहिणींच्या सह्या विसरू नयेत, त्यांचाही हिस्सा आहे. वक्फ केल्यास मिळकत परत घेता येत नाही व विकता येत नाही. त्याची नोंद राज्य वक्फ मंडळाकडे होते. ट्रस्ट केल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करून दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. निधी केवळ आपल्या खानदानातील मुलांसाठी ठेवला तर तो सार्वजनिक धर्मादाय ठरत नाही. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या मुलांसाठी असे लिहिले तर आयकराची सूट अडते. दस्त करण्याआधी वकील व कर सल्लागार दोघांनाही दाखवावा. ज्यांना ही दगदग नको त्यांनी एखाद्या जुन्या शाळेला किंवा कॉलेजला नावाचा निधी द्यावा, अटी मात्र लेखी घ्याव्यात.

निवड कोणाची करावी? नव्वद टक्केवाल्याला चार ठिकाणी बक्षीस मिळते. पंचावन्न-साठ टक्के मिळवून, सुट्टीत मागावर बसून फी भरणारा मुलगा कोणाच्या यादीत नसतो. आमच्या दादांनी ज्यासाठी अंगठ्याची शरम सोसली तो मुलगा हाच. गुणांची अट खाली ठेवावी व हजेरीची अट वर ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी वेळेचे. दहावीचा निकाल मे-जूनमध्ये लागतो आणि प्रवेशाची फी लगेच भरावी लागते. जलसा जानेवारीत करून दिलेला वजीफा तोवर शाळा सुटलेल्या मुलाला काय कामाचा? अर्ज एप्रिलमध्ये मागवावेत, एका पानाचा फॉर्म उर्दू व मराठी दोन्हींत छापावा, आणि पैसे पाकिटात न देता विद्यार्थ्याच्या खात्यात किंवा कॉलेजच्या नावे भरून पावती फाइलला लावावी.