शिवणयंत्रावर शिवलेली रोहिणी

विद्यार्थी मित्रहो, जळगाव जामोदच्या बाजारपेठेत शिंप्याच्या दुकानापुढे तुम्ही कधी घटकाभर उभे राहिला आहात का? सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख कपाशीचा. तेव्हा सूत आणि कापड यांचे आपल्याला नवल नाही. शिंपी शाळेच्या गणवेशाचे टेरिकॉट कापतो, दोन कडा जुळवतो आणि यंत्राच्या सुईखालून सरकवतो. पाहता पाहता सपाट कापडाची नळी, म्हणजे बाही, तयार होते. अशीच कापडाची नळी आज कितीतरी माणसांच्या छातीत किंवा पोटात बसवलेली आहे आणि तिच्यातून त्यांचे रक्त वाहत आहे, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का? पण ते खरे आहे. ही नळी रुग्णांपर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते डॉ. मायकेल डिबेकी शिवणकाम शिकले होते आपल्या आईकडून.

डिबेकींचे आईवडील, शेकर आणि राहिजा, हे लेबनॉनमधून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. लुइझियाना राज्यातील लेक चार्ल्स या गावी ७ सप्टेंबर १९०८ रोजी मायकेलचा जन्म झाला. पाच भावंडांत तो थोरला. परक्या मुलखात वडिलांनी कष्टाने व्यापार उभा केला. त्यांचे औषधांचे दुकानही होते. तेथे येणारे डॉक्टर पाहूनच आपणही डॉक्टर व्हावे असे मायकेलला वाटू लागले. वाचनालयात विश्वकोशाचे खंड घरी मिळत नाहीत अशी मुलाने तक्रार केली, तेव्हा वडिलांनी तो संचच विकत आणला. आई शिवणकामात तरबेज होती. ती शेजारच्या मुलींना शिकवत असे आणि मायकेल शेजारी बसून पाहत असे. हळूहळू शिवण, विणकाम, नक्षीची जाळी हे सारे त्याच्या हाताला आले. ‘हे बायकांचे काम’ असे म्हणून त्या घरात कोणी त्याला उठवले नाही!

पुढे न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात तो वैद्यक शिकू लागला. तेथे विद्यार्थिदशेतच त्याच्यापुढे एक प्रश्न आला. रक्त नळीतून पुढे ढकलायचे, पण पंपाच्या कोणत्याही भागाचा त्याला स्पर्श होता कामा नये. हे कसे साधावे? तुम्ही घरी एक प्रयोग करा. पाण्याने भरलेली मऊ रबरी नळी पोळपाटावर ठेवा आणि तिच्यावरून लाटणे दाबून एकाच दिशेने फिरवा. पाणी पुढे सरकेल, पण लाटण्याला लागणार नाही. रुळांचा पंप नेमका असाच चालतो. हे तत्त्व आधीपासून माहीत होते. डिबेकींनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यात सुधारणा केली. डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र तयार केले, त्यात असा पंप वापरला आणि १९५३ साली त्या यंत्राच्या साहाय्याने हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. अशा शस्त्रक्रिया शक्य झाल्या त्या हृदय-फुप्फुस यंत्रामुळेच.

आता पुन्हा कापडाकडे वळू. हृदयातून निघणारी महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. विश्रांतीच्या वेळीही हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त तिच्यात ढकलते. सायकलच्या ट्यूबची एखादी जागा झिजली की तेथे फुगा येतो. तसाच फुगा महारोहिणीची भिंत कमकुवत झाल्यास येतो. तो फुटला तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. खराब भाग कापून काढता येई, पण त्याच्या जागी बसवायचे काय? मृत व्यक्तींच्या रोहिण्या वापरून पाहिल्या गेल्या. परंतु त्या हव्या तेव्हा आणि हव्या त्या मापाच्या मिळणार कशा? न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर व्हूरहीस यांनी १९५२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, कापडाची नळीही रोहिणीचे काम करू शकते.

डिबेकी तेव्हा ह्यूस्टन शहरी होते. ते कापडाच्या दुकानात नायलॉन मागायला गेले. नायलॉन संपले होते. दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले, तेच घेऊन ते घरी आले आणि शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवू लागले. हा योगायोग भाग्याचा ठरला, कारण शरीरात नायलॉन कालांतराने कमजोर होते, डेक्रॉन मात्र वर्षानुवर्षे टिकते. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. तुमच्या टेरिकॉटमध्ये सुताबरोबर असतो, तोच धागा! पुढे वस्त्रविद्येतील तज्ज्ञांच्या मदतीने बिनशिवणीच्या नळ्या यंत्रावर विणल्या जाऊ लागल्या.

तुम्ही विचाराल, कापडातून रक्त गळणार नाही का? सुरुवातीला गळते. म्हणून शस्त्रवैद्य पूर्वी ती नळी आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवीत. विणीच्या छिद्रांत रक्त गोठे आणि छिद्रे बुजत. नंतर शरीरातील पेशी त्या विणीत शिरून वाढतात आणि परकी नळी शरीराशी एकजीव होऊ लागते. नळीला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात, त्यामुळे ती वाकली तरी चिमटत नाही.

या कथेचा शेवट विलक्षण आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिबेकींच्या छातीत तीव्र कळ आली. महारोहिणीचा आतला थर फाटला असावा, हे त्यांनी स्वतःच ओळखले. या विकाराचे त्यांनी केलेले वर्गीकरण जगभर त्यांच्याच नावाने शिकवले जाते! शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. पुढे त्यांची शुद्ध हरपली. रुग्णाने नको म्हटले असता, आणि तेही या वयात, शस्त्रक्रिया करावी काय? रुग्णालयाच्या नीतिसमितीत यावर खल झाला. अखेर पत्नीच्या आग्रहावरून फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचे जुने सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी शस्त्रक्रिया केली. फाटलेल्या भागाच्या जागी डेक्रॉनची नळी बसवली. बरे होण्यास अनेक महिने लागले, पण डिबेकी पुन्हा कामावर गेले आणि शस्त्रक्रिया केली हे बरेच झाले, असे त्यांनी सांगितले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरी पूर्ण व्हायला दोन महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले.

आईने शिकवलेली विद्या अशी फिरून लेकाच्याच छातीत कामी आली. तेव्हा मित्रहो, घरी आई सुईत दोरा ओवत असेल, तर ते काम हलके समजून उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि दोन टाके घालून पाहा.