जादूगारांच्या मंडळात जावे काय?

आमच्या शेजारी एक तरुण राहतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पण पुस्तकांपेक्षा पत्त्यांच्या कॅटशीच त्याची सलगी अधिक. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, आपल्या गावात जादूगारांचं एक मंडळ आहे म्हणतात. वर्गणी आहे, महिन्यातून एकदा सभा भरते. जावं का मी? नाहीतरी सगळ्या जादू मोबाईलवर फुकट शिकायला मिळतातच की!"

मी काही धंदेवाईक जादूगार नव्हे. परंतु तरुणपणी दहा-बारा वर्षे अशाच एका मंडळाचा मी सभासद होतो, हे त्याच्या वडिलांनी त्याला सांगितले असावे. त्या संध्याकाळी मी त्याला घाईघाईने जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. तेच आज, श्रोतेहो, थोड्या विस्ताराने मांडतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की आपल्याकडे ही विद्या मंडळांतून शिकवली जात नव्हती. ती घराघरांतून चालत आली. रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून वाटी-गोळ्यांचा खेळ करणारा मदारी कोणत्या संस्थेचा सभासद होता? त्याच्या त्या लाकडी वाट्यांना वर एक मूठ असते, ती बोटांच्या बेचक्यात धरून तो वाटी उचलतो. ही धरण्याची लकब त्याने बापाकडून उचललेली असते, आणि बापाने आजाकडून. समोर बसलेला, प्रश्नांना फटाफट उत्तरे देणारा जमुरा हा बहुधा त्याचा मुलगाच असतो. खेळता खेळताच त्याचे शिक्षण चाललेले असते. रंगमंचावरच्या जादूतही हे घराण्याचे सूत्र आपण पाहिले आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर देशोदेशी प्रयोग करून आले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक त्यांनी लिहिले, आणि त्यांच्यामागे मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी तो वारसा पुढे चालवला. ज्याच्या घरातच अशी शाळा भरते, त्याला मंडळाची गरज कशाला?

पण कारकुनाच्या, मास्तराच्या, दुकानदाराच्या मुलाला हा नाद लागला तर त्याने कोणाच्या घरी जावे? मंडळांचा जन्म या प्रश्नातून झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्टिंका यांचे जादूच्या सामानाचे दुकान होते. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत १९०२ साली काही मंडळी जमली आणि तेथे अमेरिकन जादूगारांची संस्था स्थापन झाली. पुढे सुप्रसिद्ध हुडिनी १९१७ पासून १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचा अध्यक्ष होता. लंडनचे 'मॅजिक सर्कल' १९०५ चे. एका उपाहारगृहात जमलेल्या तेवीस जणांनी ते स्थापिले, त्यांत धंदेवाईकही होते आणि हौशीही. नुकत्याच ऐन तारुण्यात वारलेल्या मार्टिन चॅपेंडर या जादूगाराचे नाव मंडळाला द्यावे असा विचार आधी निघाला होता; शेवटी नाव 'मॅजिक सर्कल' ठरले, आणि त्याची इंग्रजी आद्याक्षरे त्या तरुणाच्या नावाचीच आहेत.

या लंडनच्या मंडळात केवळ वर्गणी भरून शिरता येत नाही. आधी मुलाखत होते आणि मग जाणत्यांपुढे काही मिनिटांचा प्रयोग करून दाखवावा लागतो. १९७५ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज, म्हणजे आजचे राजे चार्ल्स, या परीक्षेला बसले होते. त्यांनी कोणता खेळ करून दाखवला असेल? वाटी-गोळ्यांचा! आपल्या मदाऱ्याच्या गोणपाटावरचा तो खेळ राजघराण्यातल्या माणसालाही परीक्षेसाठी निवडावासा वाटला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता त्या तरुणाच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. गुपिते फुकट मिळत असताना वर्गणी कशाची? त्याचे म्हणणे खरे आहे. किंबहुना त्याला वाटते त्याहूनही ते जुने आहे. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने १५८४ साली चेटकाच्या समजुतीचा फोलपणा दाखवणारा ग्रंथ लिहिला, त्यातच हातचलाखीच्या अनेक युक्त्या त्याने उघड केल्या होत्या. १८७६ साली प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने निघालेल्या 'मॉडर्न मॅजिक' या पुस्तकात तर त्या काळची बहुतेक सारी जादू चित्रांसह समजावून दिलेली आहे. मॅजिक सर्कलचा पहिला अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट हा स्वतः आपल्या युक्त्या छापून बसला, आणि मंडळाने आपल्या त्या माजी अध्यक्षालाच बाहेरचा रस्ता दाखवला. १९९७ नंतर अमेरिकेत एका मुखवटाधारी जादूगाराने दूरचित्रवाणीवर एकामागून एक गुपिते फोडली. तरीही जादूचे प्रयोग काही बंद पडले नाहीत. गुपित हा या विद्येतला सर्वांत स्वस्त माल आहे. तो मिळवण्यासाठी कोणी मंडळात जाणार असेल, तर त्याने खुशाल आपले पैसे वाचवावेत.

मग मंडळात मिळते काय? ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

माझे बालपण बडोद्यास गेले. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात हाती लागलेल्या एका पुस्तकावरून मी नाणे नाहीसे करण्याचा खेळ शिकलो. उजव्या हातातले नाणे डाव्या हातात दिल्यासारखे करायचे, प्रत्यक्षात ते उजव्या तळहातातच दाबून धरायचे, आणि मग डावी मूठ उघडून रिकामी दाखवायची. एवढाच तो खेळ. आरशासमोर उभा राहून मी चांगले सहा महिने तालीम केली. आरशात मला स्वतःलाच नाणे दिसेना, तेव्हा गणेशोत्सवातल्या मुलांच्या कार्यक्रमात नाव दिले. खेळ सुरू झाला, आणि माझ्या उजव्या अंगाला सतरंजीवर बसलेला सहा-सात वर्षांचा एक मुलगा सर्व मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "त्या हातात आहे! त्या दुसऱ्या हातात!" पुढे काय झाले ते सांगत नाही. त्यानंतर वर्षभर मी नाण्याला हात लावला नाही.

कॉलेजात गेल्यावर एक मित्र मला जादूगारांच्या मंडळात घेऊन गेला. मंडळ म्हणजे काय, तर एका शाळेचा वर्ग, पंधरा-वीस माणसे, मध्ये एक टेबल आणि चहाची किटली. त्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना सर्व जण मास्तर म्हणत. माझी पाळी आल्यावर मी भीत भीत तोच खेळ केला. सर्व मंडळी समोर बसली होती. मास्तर मात्र आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या हाताला येऊन बसले. खेळ संपल्यावर ते म्हणाले, "अरे, नाणं छान दाबतोस. पण तुझा अंगठा काठीसारखा ताठ होतो, आणि इकडून बोटांच्या फटीतून चांदी चमकते. आणखी एक. नाणं ज्या हातात नाही त्या हाताकडे तू बघतच नाहीस. तूच बघत नाहीस, तर लोक कशाला बघतील?" मग थोडे थांबून विचारले, "आरशासमोर शिकलास ना?" मी होय म्हणालो. "मग नेमक्या त्या क्षणी तुझे डोळे मिटतात. नाणं दिसू नये म्हणून तू स्वतःलाच फसवतोस."

ते अगदी खरे होते. आरशापुढे एकट्याने तालीम करणाऱ्या पुष्कळांना ही खोड लागते, हे मला नंतर कळले. चोरटी हालचाल होण्याच्या क्षणी पापणी लवते. आरशात नाणे दिसत नाही ते हात सफाईने चालतो म्हणून नव्हे, तर पाहणारा डोळाच मिटलेला असतो म्हणून. शिवाय आरसा समोरूनच पाहतो. तो कधी खुर्ची उचलून उजव्या अंगाला येऊन बसत नाही. मोबाईलचा पडदा तर त्याहून आंधळा, कारण तो तुम्हाला शिकवणाऱ्याचा हात दाखवतो, तुमचा नव्हे. तुम्ही स्वतःचे चित्रण करून पाहिलेत तरी काय शोधायचे हे ठाऊक असावे लागते. मला सहा महिन्यांत ते ठाऊक झाले नव्हते. जी चूक त्या मुलाने ओरडून सांगितली, तिचे कारण मास्तरांनी दोन मिनिटांत सांगितले. मला वाटते, माझी दहा वर्षांची वर्गणी तेथेच वसूल झाली.

इतर फायदे किरकोळ आहेत. सभासदांची पुस्तके वाचायला मिळतात, कोणाचे जुने कड्यांचे संच स्वस्तात मिळतात, एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आमंत्रण पदरात पडते. खेळ करताना काय बोलावे, हेही कानावर पडून पडून येते.

पण प्रत्येक मंडळ असे असते, असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सभा ही सभा नसून सामानाच्या विक्रीचे दुकान असते. नवा डबा, नवी नळी, नवा रुमाल. काही ठिकाणी सगळे परस्परांना टाळ्या देत बसतात. वर्षानुवर्षे जादूगारांपुढेच जादू करणारा माणूस साध्या प्रेक्षकाला काय आवडते तेच विसरतो. मग तो आपल्या सोबत्यांना चकवण्यासाठी असे बारीक बारीक कसब करू लागतो, की घरच्या आजीला त्यात काही घडले हेच कळत नाही. आणि दारे बंद ठेवण्याची हौस ही तर मंडळांची जुनीच व्याधी. मॅजिक सर्कलने १९९१ सालापर्यंत स्त्रियांना प्रवेश दिला नव्हता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सोफी लॉइड ही स्त्री 'रेमंड लॉइड' असे पुरुषाचे सोंग घेऊन परीक्षेला बसली. बायकी हात ओळखू येऊ नयेत म्हणून तिने हातमोजे घातले. हातमोज्यांत हातचलाखी करणे किती अवघड, हे करून पाहणाऱ्यासच कळेल. ती उत्तीर्ण झाली. पुढे मंडळाने स्त्रियांना दार उघडले तेव्हा तिने आपले खरे रूप प्रकट केले, आणि मंडळाने फसवणुकीबद्दल तिलाच काढून टाकले! फसवणूक हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना एक उत्तम फसवणूक सहन झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये, चौतीस वर्षांनी, तिला सन्मानाने परत घेण्यात आले. मात्र या सर्व बेतामागची तिची गुरू जेनी विन्स्टन्ली तो दिवस पाहायला हयात नव्हती.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मंडळात शिरताना गुपित न फोडण्याचे वचन द्यावे लागते. आपल्या भाषेत मात्र 'जादू' या शब्दाला 'टोणा' कधी येऊन चिकटेल याचा नेम नाही. पाणी शिंपडताच नारळ पेटवणारा, लिंबू कापून त्यातून रक्त काढणारा बुवा हाही हातचलाखीच करत असतो. शेंडीत दडवलेल्या सोडियमच्या तुकड्याचा किंवा सुरीला लावलेल्या रंगद्रव्याचा तो प्रताप असतो. पण तो तिकीट लावून करमणूक करत नाही. कोणाच्या आजारी मुलावर उपाय म्हणून करतो, आणि पैसे उकळतो. अशा वेळी वचन पाळून गप्प बसावे काय? आमच्या मंडळात यावरून एकदा मोठी वादावादी झाली होती. एका सभासदाने आपल्या गल्लीत अशा बुवाचे बिंग फोडले, तेव्हा दोघा-तिघांनी त्याला नियमावली दाखवली. मास्तर उठून म्हणाले, "बुवा आपला सभासद नाही. त्याचं गुपित सांभाळायचं वचन आपण कुणाला दिलेलं नाही." वाद तेथेच संपला असे नाही, एक गृहस्थ मंडळ सोडून गेले. पण कोणत्या मंडळात जावे हे ठरवताना मी त्यांच्याकडची कपाटे पाहणार नाही. तेथे असे बोलणारा कोणी आहे की नाही, हे पाहीन.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच सुचवले, की वर्गणी भरू नकोस. एका सभेला पाहुणा म्हणून जा, खेळ चुकल्यावर तेथील मंडळी काय करतात ते पाहा, आणि त्यांनी तुला टेबलापाशी उभे केले नाही तर दुसऱ्यांदा जाऊ नकोस. तो जाऊन आला. कसे होते, असे मी विचारल्यावर त्याने काही न बोलता खिशातून पाच रुपयांचे नाणे काढले आणि माझ्यासमोर नाहीसे केले. मी खुर्ची उचलून त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसलो. अंगठा अजून थोडा ताठ होता.