हजेरीपत्रक आणि कूटलेख

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे, तर अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण'. दहा तास राबवून हजेरीपत्रकावर आठच तास मांडणाऱ्या आस्थापनेत हे दोन्ही अतिचार एकाच ओळीत घडतात. आपल्या समाजात पेढीचे मालकही आहेत आणि पेढीवर नोकरी करणारेही. म्हणून हा विषय दोघांच्याही घरातला आहे.

हिशेब मांडून पाहावा. मासिक वेतन 15,600 रुपये, दिवस 26, रोजचे तास आठ. म्हणजे तासाला 75 रुपये. जादा कामाचा दर किमान दुप्पट, म्हणजे 150. रोज दोन तास जादा धरल्यास महिन्याचे 7,800 रुपये बुडतात, वेतनाच्या निम्मे!

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 अमलात आली आहे. तिच्या कलम 14 मध्ये हा दुप्पट दर आहे. कलम 45 अन्वये कर्मचारी स्वतः, नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक दावा दाखल करू शकतात. मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी ती किमान वेतन कायद्यात अवघी सहा महिने होती. थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. शिवाय वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तरीही पुरावा जपावा. खात्यात पूर्ण पगार जमा करून त्यातली काही रक्कम रोखीने परत मागण्याची चाल जुनीच आहे. अशा वेळी पासबुक मालकाचीच बाजू बोलते! म्हणून परत दिलेल्या रकमेची तारीखवार नोंद, पाळीचे संदेश, सहकाऱ्यांची साक्ष जवळ असावी. वेतनचिठ्ठी मागून घ्यावी. ती देणे मालकाला बंधनकारक आहे. वेतन कमी दाखवले असल्यास भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकातही वर्गणी कमी दिसते. ते 'उमंग' ॲपवर पाहता येते आणि त्याची तक्रार निधी कार्यालयाकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रथम मालकाला लेखी मागणी द्यावी, पोच घ्यावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावे. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे संहितेत म्हटले आहे.