शास्त्रज्ञ एकजुटीने बोलले, आता पाड्याने पाऊस मोजावा

मोलगीच्या बाजारात आमचूर विकायला येणाऱ्या माणसाला हवामान बदलले म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. कैऱ्या सोलून, चिरून अंगणात वाळत घातलेल्या असतात. ऐन उन्हाळ्यात अवकाळी सर येते, फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो. पुढे मृग लागते. एका पावसावर पेरणी होते, मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे. दुबार पेरणीचे बियाणे कोणाच्या पैशाने आणायचे? आणि नंतर एका रात्रीत असा कोसळतो की उतारावरची माती थेट नाल्यात.

"पाऊस लहरी झालाय," असे आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण मंडळी, आपण जे पारावर बसून बोलतो, तेच आता जगभरचे शास्त्रज्ञ कागदावर सह्या करून बोलत आहेत.

हजारो सह्यांचा इशारा

शास्त्रज्ञ हा तसा आपल्या कामात गढलेला माणूस. मोर्चा, निवेदन हा त्याचा धंदा नव्हे. तरीही 1992 मध्ये जगातल्या सुमारे 1,700 शास्त्रज्ञांनी मानवजातीला इशारा देणारे निवेदन काढले. त्यात अनेक नोबेल विजेते होते. पंचवीस वर्षांनी, 2017 मध्ये दुसरा इशारा निघाला. त्यावर 184 देशांतल्या 15,000 हून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. 2019 मध्ये 153 देशांतल्या 11,000 हून अधिक शास्त्रज्ञांनी एकमुखाने जाहीर केले, की ही हवामानाची आणीबाणी आहे.

त्यांचे म्हणणे सोपे आहे. कोळसा आणि तेल जाळणे झपाट्याने कमी करा, जंगल राखा, माती राखा, अन्नाची नासाडी थांबवा. हवेतला कार्बन वायू कारखानदारी येण्याआधी दहा लाख भागांत सुमारे 280 भाग होता, तो आता 420 च्या पुढे गेला आहे. ही चादर जाड झाली म्हणून पृथ्वी तापते. तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. तुमच्या शेतात पडणाऱ्या पावसाची तऱ्हा बिघडली, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी काय सांगितले?

हे सगळे परदेशातले, असे म्हणाल तर पुण्याकडे पाहा. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2020 मध्ये भारताच्या हवामान बदलाचा अहवाल निघाला. त्यातले आकडे शेतकऱ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग 1950 ते 2015 या काळात सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. आणि पावसाळ्यातले कोरडे खंड आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत 1981 ते 2011 या काळात 27 टक्क्यांनी जास्त वेळा आले.

म्हणजे एकूण पाऊस कमी, खंड जास्त आणि पडला तर मुसळधार. अक्कलकुवा-धडगावचा डोंगर या मध्य भारताच्या पश्चिम कडेला लागून आहे. अनुभव ताडून पाहा.

सल्ला देणारी केंद्रे

आता जिल्ह्याची गोष्ट. 2018 नंतर देशातील 199 जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांमधून जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली. आकांक्षित जिल्हा म्हणून नंदुरबारचाही त्यात समावेश होता. मंगळवारी आणि शुक्रवारी पेरणी, फवारणी, काढणीचा सल्ला निघायचा. 2024 च्या सुरुवातीला ही सर्वच केंद्रे मार्चअखेर बंद करण्याचा आदेश निघाला. तेव्हा देशभरच्या कृषी हवामानशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन केंद्रे चालू ठेवण्याची मागणी केली. त्यात प्रश्न नुसता त्यांच्या नोकरीचा नव्हता. पाऊस बेभरवशाचा होत असतानाच अंदाज सांगणारा माणूस काढून घेणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ही मागणी शास्त्रज्ञांनीच का करावी? आपल्या ग्रामसभेने का करू नये?

पावसाची वही

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांनी पुढचे विशेष वाचावे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पण तो मोजला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर. सातपुड्यात एका टेकडीवर धो-धो आणि पलीकडच्या पाड्यावर थेंब नाही, हे आपण नेहमी पाहतो. मग पंचनाम्याच्या वेळी पाड्याचा शेतकरी काय दाखवणार?

म्हणून प्रत्येक पाड्यावर एक पर्जन्यमापक ठेवा. तो मिळेपर्यंत तळ आणि तोंड सारख्या रुंदीचा, सरळ काठाचा डबा चालेल. झाड आणि घरापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि डबा रिकामा करा. शाळेतली मुलेसुद्धा हे करू शकतील. डब्याची नोंद सरकारी मोजमापाची जागा घेणार नाही. पण नोंदलेली वही घेऊन तहसील कचेरीत गेलेल्या माणसाचे बोलणे वजनदार होते. दोन-चार वर्षांची वही झाली की पेरणी कधी धरावी, याचाही अंदाज येईल.

दुसरे काम बियाण्याचे. शेजारच्या धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन मका आणि ज्वारीचे जुने स्थानिक वाण जपले आहेत. एकाच शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर असा मिसळ पेरा घेण्याची आपल्या वाडवडिलांची रीत अडाणी नव्हती. एक पीक गेले तर दुसरे हाती लागायचे. जुने बी घरात असेल तर ते विकून टाकू नका.

तिसरे काम ग्रामसभेचे. पेसा क्षेत्रातली ग्रामसभा आहे, तिचा अधिकार वापरा. उतारावर बांध, जंगलाची राखण, पर्जन्यमापक आणि हवामान सल्ल्याची मागणी आराखड्यात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत जिल्हा परिषदेकडे पाठवा.

एक गोष्ट मात्र खरी. या तापलेल्या हवेचा दोष मोलगीच्या पाड्यावरच्या माणसाचा नाही. ज्याच्या दारात ना मोटार ना कारखाना, त्याच्या शेताची माती आधी वाहून जाते. शास्त्रज्ञ जगाच्या कारभाऱ्यांना हेच ठणकावून सांगत आहेत. त्यांच्या हजारो सह्यांच्या जोडीला आपल्या पाड्यांच्या पावसाच्या वह्या असू द्या. येत्या मृगाआधी डबा मोकळ्यावर ठेवाल ना?