बोहारणीला दिलेला शर्ट 'व्हिंटेज' होऊन परत कसा येतो? जुन्या कपड्यांच्या बाजाराची पूर्ण गोष्ट

इन्स्टाग्रामवर एक स्टोरी येते. फिकट निळा डेनिम शर्ट, खाली लिहिलेलं, 'व्हिंटेज, एकच पीस, डीएम करा'. पाचच मिनिटांत त्यावर 'सोल्ड' लागतं.

तिकडे एखाद्या बिल्डिंगच्या जिन्यात एक आई तशाच तीन शर्टांच्या बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा मिळावा म्हणून बोहारणीशी घासाघीस करत असते. बोहारीण म्हणते, "ताई, अजून एक साडी टाका."

या दोन्ही गोष्टी एकाच बाजाराच्या आहेत. लॉकडाऊनच्या काळात, २०२० नंतर, इन्स्टाग्रामवर थ्रिफ्ट स्टोअर्सची लाट आली आणि वापरलेले कपडे घेणं 'कूल' झालं. पण आपल्या शहरांत हा धंदा कित्येक पिढ्यांपासून चालू आहे. मग तो चालतो कसा? आणि आपल्याच गावात असे कपडे घ्यायचे तर काय बघायचं?

डब्याच्या बदल्यात गेलेले कपडे जातात कुठे?

मुंबईत भांड्यांवर जुने कपडे घेण्याचं काम प्रामुख्याने गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजातल्या बायका करत आल्या आहेत. या समाजाला पूर्वी वाघरी म्हणायचे. दिवसभर फिरून गोळा केलेलं गाठोडं व्यापाऱ्यांना विकलं जातं आणि तिथे कपड्यांची निवड होते.

धड असलेले कपडे धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून रस्त्यावरच्या आणि आठवडी बाजारात जातात. तिथे ते घेणारे बहुतेक जण फॅशन म्हणून नाही, तर नवीन परवडत नाही म्हणून घेतात. जे अंगावर घालण्याजोगं नसतं, त्याची चिंधी होते. गॅरेजमध्ये हात पुसायला आणि कारखान्यात मशीन पुसायला हीच चिंधी वापरतात.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी नाणी, हत्यारं, घड्याळं यांच्यासोबत तिथे कपडे आणि बूटही मिळतात.

व्हिंटेज, थ्रिफ्ट, सरप्लस सगळं सारखंच का?

नाही. गोंधळ इथेच होतो आणि पैसेही इथेच जास्त जातात.

थ्रिफ्ट म्हणजे कुणीतरी वापरलेला कपडा. तो मागच्या वर्षीचाही असू शकतो. व्हिंटेज मात्र साधारण २० वर्षांपेक्षा जुन्या कपड्याला म्हणतात.

सरप्लस हा प्रकारच वेगळा. परदेशी ऑर्डरसाठी शिवलेला पण जास्त झालेला किंवा बारीक दोषामुळे नाकारलेला हा नवा माल असतो. मुंबईची फॅशन स्ट्रीट आणि पुण्याचा एफसी रोड यासाठी ओळखले जातात. कॉलरमागचं लेबल अर्धवट कापलेलं असेल, तर बऱ्याचदा तो सरप्लस असतो. घ्यायला हरकत नाही, पण त्याला 'व्हिंटेज' म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

चौथा प्रकार परदेशातून गाठींमधून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचा. भारतात असे कपडे आयात करण्यावर निर्बंध आहेत. परवानगीशिवाय ते आणता येत नाहीत. फाडून चिंध्या केलेला माल मात्र पानिपतला जातो आणि त्याच्या धाग्यापासून ब्लँकेट बनतात. त्यामुळे कुणी 'इम्पोर्टेड थ्रिफ्ट' म्हणून विकत असेल, तर माल कुठून आला हे विचारायला लाजू नका.

कपडा खरंच जुना आहे हे कसं ओळखायचं?

लेबलवरचा पत्ता वाचा. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामुळे सहा आकडी पिनकोड असलेलं लेबल त्याआधीचं असूच शकत नाही. इंग्रजीत 'बॉम्बे' लिहिलं असेल, तर कपडा १९९५ च्या आधीचा असण्याची शक्यता वाढते, कारण त्या वर्षी शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं. अपवाद एकच. ब्रँडच्या नावात बॉम्बे असेल, तर हा नियम लागू होत नाही.

सुती साडीच्या टोकाला मिलचा शिक्का शोधा. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर मुंबईतल्या एकेक गिरण्या बंद होत गेल्या. बंद झालेल्या गिरणीचा शिक्का असेल, तर साडी किमान किती जुनी आहे याचा अंदाज येतो.

जरीची साडी असेल तर जास्त सावध राहा. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणून 'जुनी जरी' घेणारे साडी वजनावर घेतात आणि जाळून चांदी काढतात. आजीची पैठणी देण्याआधी घरात एकदा सगळ्यांना विचारा. एकदा जळाली की ती कुठल्याच थ्रिफ्ट स्टोअरमध्ये सापडणार नाही.

पण दुसऱ्याने घातलेले कपडे घालायचे?

'मेलेल्या माणसाचे असतील तर?' हा प्रश्न बहुतेक घरांत येतोच. पण त्याच घरांत तान्ह्या बाळासाठी मुद्दाम जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवतात आणि मोठ्या भावंडाचं झबलं धाकट्याला घालतात. आजीच्या साड्यांची गोधडीही आपण प्रेमाने पांघरतो. म्हणजे अडचण जुन्या कपड्याची नाही, अनोळखी माणसाची आहे.

स्वच्छतेची काळजी मात्र रास्त आहे आणि तिला सोपा उपाय आहे. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत आणि ५० अंश सेल्सिअसला १० मिनिटांत मरतात. सुती कपडे कडक गरम पाण्यात धुवा. रेशमी किंवा लोकरीचे कपडे आठवडाभर बंद पिशवीत ठेवा, मग धुवा. आतले कपडे वापरलेले घेऊच नका.

घेताना कपडा उजेडात धरा. काख, कॉलर आणि पँटच्या मांडीची शिवण तपासा. चेन दोनदा उघडून लावा. बटण नसेल तर ते दहा मिनिटांचं काम आहे, पण विरलेलं कापड कुणीच दुरुस्त करू शकत नाही. मापाच्या आकड्यावर विसंबू नका, टेप लावा.

मग यात फायदा कुणाचा?

एक सुती टी-शर्ट बनायला साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. एका नव्या शर्टाऐवजी एक जुना घेतला, तर ते पाणी वाचतं. स्वस्त मिळतात म्हणून दहा घेऊन कपाटात कोंबले, तर काहीच वाचत नाही.

यात एक दुसरी बाजूही आहे. जुन्या बाजारातला चांगला माल ऑनलाइन विक्रीसाठी उचलला जायला लागला, की तिथला भाव वाढतो. आणि ज्याला पोराच्या शाळेसाठी स्वेटर हवा असतो, त्याला तो महाग पडतो. म्हणून तिथे गेलात तर हवं तेवढंच घ्या आणि शेवटच्या १० रुपयांसाठी भांडू नका.

आणि पुढच्या वेळी बोहारीण दारात आली, तर कपडे धुऊन, तुटलेली बटणं लावून द्या. तेवढ्यावरून ठरतं की तो शर्ट कुणाच्या अंगावर जाणार की गॅरेजमध्ये चिंधी होणार.